विहिरीआधीचे दार

१८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले. दिवस गेलेल्या विधवेपुढे तेव्हा विहीर किंवा अर्भकहत्या, एवढेच उरे. येथे गुप्तपणे बाळंतपण होई. शुश्रूषा सावित्रीबाई स्वतः करीत. जीव द्यावयास निघालेल्या काशीबाईंना जोतीरावांनी घरी आणले, असे चरित्रकार सांगतात. त्यांचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

आमच्या पेडगावीही नापिकीने, कर्जाने घरे खचतात. एखादी भगिनी अबोल झाली, तर मी सरळच विचारते, "बाई, जिवाचं काही करावंसं वाटतं का?" विचारल्याने ते मनात येत नाही; उलट ती बोलू लागते. मग टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावून देते. गेल्या पावसाळ्यात एकीपाशी आम्ही दोघी रात्रभर बसलो. उजाडता तिने चहा मागितला.