छापखान्यातल्या तोफा

जून 1845. केंटकीतलं लेक्सिंग्टन शहर. मिल स्ट्रीटवरच्या विटांच्या इमारतीपुढे तुम्ही उभे आहात. दाराला बाहेरून लोखंडी पत्रा मारलाय. कुणी पेटवून देऊ नये म्हणून. दोन्ही फळ्या आतून साखळीने अशा जखडल्यात की दार जेमतेम फटीएवढंच उघडतं. अंग चोरून आत शिरा. शाईचा वास, खिळ्यांच्या पेट्या, छापयंत्र. आणि छातीइतक्या उंच टेबलावर, थेट तुमच्यावर तोंड रोखून, दोन पितळी तोफा!

दचकू नका. हे ‘द ट्रू अमेरिकन’ या साप्ताहिकाचं कार्यालय आहे. भिंतीशी बंदुका आणि भाले आहेत, पळायला छतात झडप आहे आणि अगदीच वेळ आली तर सगळंच उडवून द्यायला दारूचं पिंपही. तो धिप्पाड माणूस संपादक, कॅशियस मार्सेलस क्ले. वय 34. येलमध्ये शिकलेला, कायद्याचा अभ्यास केलेला, केंटकीच्या विधानसभेत निवडून आलेला. बाप राज्यातल्या मोठ्या गुलाममालकांपैकी एक. मुलाने मात्र आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त केलं आणि गुलामगिरीच्याच मुलखात तिच्याविरुद्ध पत्र काढलं. (मुहम्मद अलीचं जन्मनाव याच माणसावरून आलेलं.)

तरी त्याला संत समजू नका. त्याचा अंक चाळा: गुलामगिरीमुळे गोऱ्या कष्टकऱ्याची मजुरी बुडते, कारखाने उभे राहत नाहीत, हा हिशेब तो पुन्हापुन्हा मांडतो. काळ्यांच्या दुःखापेक्षा गोऱ्यांचा तोटा त्याला जास्त पटवता येतो. मला हे खटकतं. पण त्या गावात एवढं छापायलाही तोफा लागत होत्या.

आता दोन महिने पुढे चला. संपादक विषमज्वराने अंथरुणाला खिळलाय आणि ऑगस्टच्या एका अंकाने गाव भडकलंय. 14 तारखेला भरलेल्या विरोधकांच्या सभेत तो तापातच गेला, बाकावर आडवा पडून बोलणी ऐकत राहिला. पत्र बंद करा, असं लेखी फर्मान आलं. त्याने साफ नकार कळवला.

18 ऑगस्ट, सोमवार. न्यायालयाच्या आवारात गर्दी. तुम्हाला दगड, मशाली, शिव्या अपेक्षित असतील. छे! इथे ठराव मांडले जातात, साठ प्रतिष्ठितांची समिती नेमली जाते. न्यायाधीशाचा पत्राविरुद्धचा मनाई हुकूम आधीच निघालाय, चाव्या आजारी माणसाकडून घेतल्या गेल्यात. दाराशी महापौर आहे: हे बेकायदा आहे, पण तुम्हाला अडवायचं बळ माझ्यात नाही, एवढं सांगून तो बाजूला होतो. समितीतला जेम्स क्ले हा थोर नेते हेन्री क्ले यांचा मुलगा, म्हणजे संपादकाचा भाऊबंदच. मग यंत्र सुटं होतं, खिळे भरले जातात, सगळं व्यवस्थित बांधून ओहायोतल्या सिनसिनाटीला रवाना होतं. तोफांचा उपयोग हुल्लडबाजांवर झाला असता. ठराव घेऊन आलेल्या सभ्य गृहस्थांवर काय डागणार?

दंगलीच्या खटल्यात मंडळी निर्दोष सुटली. क्लेने मात्र नुकसानभरपाईचा दावा ठोकून 2,500 डॉलर वसूल केले. आणि पत्र? ते ऑक्टोबरपासून पुन्हा निघू लागलं, सिनसिनाटीत छापून.