महिन्याचा जमाखर्च : सिंधुदुर्गातील नगरपालिकांच्या मासिक कारभाराचा व अर्थकारणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास बहुधा कायद्यांच्या आणि निवडणुकांच्या अंगाने लिहिला जातो. नगरपालिकेच्या दप्तरातील किर्द, खतावणी, हजेरीपट, मागणी व वसुलीची नोंदवही आणि महिनाअखेरचा जमाखर्च यांच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः लहान शहराचे खरे चित्र या कागदांत उमटते. शहराने कोणत्या महिन्यात काय मिळविले, कशावर खर्च केला, कोणते काम पुढे ढकलले आणि या सर्वांचा जाब कोणी विचारला, हे त्यांतून कळते. प्रस्तुत लेखात मालवण, वेंगुर्ले व सावंतवाडी या तीन नगरपालिकांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

तीन शहरे, तीन वाटा

१८१२ च्या तहांन्वये मालवण कोल्हापूरकडून आणि वेंगुर्ले सावंतवाडीकडून इंग्रजांकडे गेले. सावंतवाडी मात्र स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत संस्थानच राहिले. त्यामुळे एकाच जिल्ह्यातील या शहरांच्या नागरी कारभाराची मुळे वेगवेगळी आहेत. वेंगुर्ल्याची नगरपालिका १८७६ ची, म्हणजे १८७३ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यानंतर लगेचची. मालवणची नगरपालिका १९१८ ची आहे. दोन्ही बंदरे असूनही त्यांच्यात चार दशकांचे अंतर पडले, ही बाब लक्षणीय आहे. बेळगावच्या लष्करी छावणीला आणि घाटावरच्या व्यापाराला वेंगुर्ले हे जवळचे बंदर होते. आंबोलीमार्गे बैलगाड्यांची वाहतूक येथूनच चाले. मुरगावचे बंदर १८८० च्या दशकात रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेल्यावर या व्यापाराला उतरती कळा लागली. व्यापाराच्या भरवशावर उभी राहिलेली नगरपालिका पहिल्या दीड दशकातच व्यापाराविना उरली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने आणि १८८४ च्या मुंबई कायद्याने निर्वाचित सदस्यांचे प्रमाण वाढले. १९०१ च्या कायद्याने जिल्हा नगरपालिकांची चौकट घट्ट केली. हिशेबाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा टप्पा १९३० चा होय. त्या वर्षीच्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्यामुळे नगरपालिकेच्या प्रत्येक देयकावर बाहेरच्या लेखापरीक्षकाची नजर पडू लागली. ‘लेखाआक्षेप’ हा शब्द तेव्हापासून नगरपालिकेच्या कचेरीत कायमचा वस्तीला आला.

विभागांचा महिना

महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ नुसार चाळीस हजारांपर्यंत लोकसंख्या असलेली शहरे ‘क’ वर्गात मोडतात. २०११ च्या जनगणनेत मालवणची लोकसंख्या १८,६४८, वेंगुर्ल्याची १२,३९२ आणि सावंतवाडीची २३,८५१ होती. एवढ्या लहान शहरातही लेखा, कर आकारणी व वसुली, आरोग्य व स्वच्छता, पाणीपुरवठा, बांधकाम, आस्थापना, जन्म-मृत्यू नोंदणी हे विभाग ठेवावेच लागतात. एकच लिपिक दोन-दोन टेबले सांभाळतो, पण नोंदवह्यांची संख्या मोठ्या शहराइतकीच असते.

या विभागांचा महिना कोकणच्या ऋतुचक्राने बांधलेला असतो. एप्रिलमध्ये नव्या वर्षाची मागणी बिले निघतात. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, पर्यटकांची गर्दी होते आणि नेमके त्याच वेळी तलावांची पातळी खालावते. मृगापूर्वी गटारे व व्हाळ साफ करण्यासाठी हंगामी मजूर लागतात, त्यामुळे स्वच्छता विभागाचे हजेरीपट या काळात जाडजूड होतात. पावसाळ्यात बांधकाम विभागाची मोजमाप पुस्तके जवळपास मिटलेली असतात आणि चतुर्थीच्या तोंडावर रस्त्यांच्या खड्ड्यांची तातडीची देयके निघतात. वसुली मात्र जानेवारीपासून तापू लागते आणि मार्चमध्ये कळस गाठते. परिणामी बारा महिन्यांचे बारा जमाखर्च एकमेकांशी तुलना करण्याजोगे नसतात. ऑगस्टची तूट म्हणजे गैरकारभार नव्हे आणि मार्चची शिल्लक म्हणजे सुबत्ता नव्हे. हे ठाऊक नसलेल्या वाचकाची या आकड्यांनी सहज फसगत होते.

पाणीपुरवठा हा या जमाखर्चातील सर्वांत बोलका भाग आहे. मालवण शहराचे पाणी धामापूरच्या तलावातून येते. सोळाव्या शतकात बांधलेल्या या तलावाला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने वारसा सिंचन वास्तूचा दर्जा दिला. वेंगुर्ल्याला निशाण तलावाचा, तर सावंतवाडीला पाळणेकोंड धरणाचा आधार आहे. पाणी निसर्गाचे असले तरी ते शहरात आणण्यासाठी पंपांची वीज, जलवाहिनीची दुरुस्ती व शुद्धीकरण यांचा खर्च दरमहा येतो. विजेचे बिल महिन्याच्या महिन्याला भरावे लागते, तर पाणीपट्टीची वसुली वर्षाच्या शेवटी होते. लेखापालाची निम्मी कसरत या एका विसंगतीत सामावलेली आहे.

जकातीनंतर

इतर नगरपालिकांप्रमाणेच येथील अर्थकारणाचा कणाही दीर्घकाळ जकात हाच होता. जकातीवर टीका पुष्कळ झाली. नाक्यावरची अडवणूक, व्यापाऱ्यांचा रोष, गळती हे सारे खरे होते. परंतु जकातीचा एक गुण दुर्लक्षिला गेला : ती रोज रोख येई. नाक्यावरचे पावती पुस्तक संध्याकाळी कचेरीत जमा होई आणि महिनाअखेरीस पगाराची चिंता उरत नसे. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली व तिच्या जागी शासनाचे अनुदान आले. तेव्हापासून कर्मचाऱ्यांचा पगार शहराच्या उलाढालीवर अवलंबून न राहता मंत्रालयातून निघणाऱ्या आदेशावर अवलंबून राहिला. जमाखर्चातील ‘जमा’ या बाजूचा स्वभावच त्यामुळे पालटला.

उरला तो मालमत्ता कर. त्याची आकारणी चार वर्षांनी सुधारायची असते, पण करवाढीचा ठराव मतदारांच्या रोषाला निमंत्रण देणारा असल्याने ती लांबणीवर टाकण्याकडेच कल असतो. शिवाय गोळा होणाऱ्या रकमेतील शिक्षण कर व रोजगार हमी कर हे शासनाचे असतात, नगरपालिका केवळ वसुली करते. किनारपट्टीवरील शहरांत आणखी एक अडचण आहे. कित्येक घरांचे मालक मुंबईत, वारस अनेक आणि घर कुलूपबंद. २००१ ते २०११ या दशकात सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ पर्यंत घटली. अशा प्रदेशात थकबाकीचा आकडा म्हणजे एका परीने स्थलांतराचाच हिशेब होय.

पर्यटनाने ही उणीव भरून निघेल, अशी अपेक्षा बाळगली जाते. ती तपासून पाहणे आवश्यक आहे. मालवणात येणारा पर्यटक प्रामुख्याने सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी येतो. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहे. बंदर, धक्का आणि प्रवासी होड्यांचे परवाने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. १९८७ मध्ये घोषित झालेले सागरी अभयारण्य वन विभागाकडे आहे. नगरपालिकेच्या वाट्याला येतो तो कचरा, वाहनतळ, सार्वजनिक शौचालये आणि वाढलेली पाण्याची मागणी. उत्पन्न एका दप्तरात आणि खर्च दुसऱ्या दप्तरात, अशी ही विभागणी आहे. तिच्याविषयी जिल्ह्यात जितकी चर्चा व्हावी तितकी झालेली नाही.

खर्चाच्या बाजूने एक वेगळे उदाहरण वेंगुर्ल्याने घालून दिले. २०१५ नंतरच्या काळात तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने घरोघरी कचऱ्याचे वर्गीकरण सुरू झाले आणि दुर्गंधीने ओळखली जाणारी कचऱ्याची जागा ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ म्हणून लोकांसाठी खुली झाली. ओल्या कचऱ्यापासून खत व बायोगॅस, प्लास्टिकचा रस्त्याच्या कामात वापर असे प्रयोग झाले. केवळ खर्चाचे मानले गेलेले स्वच्छतेचे लेखाशीर्ष थोडेफार का होईना, जमेच्या बाजूला गेले. त्याला मिळालेल्या पुरस्कारांपेक्षा हा बदल महत्त्वाचा आहे.

हिशेब कोणासाठी

१९६५ च्या अधिनियमानुसार दोन महिन्यांतून एकदा सर्वसाधारण सभा घेणे बंधनकारक आहे. मागील महिन्यांचा जमाखर्च वाचून मंजूर करणे हा अशा सभांच्या विषयपत्रिकेवरील नेहमीचा विषय. बहुतेक वेळा तो चर्चेविना मंजूर होतो, हे नाकारता येत नाही. तरीही एखादा चिकित्सक नगरसेवक डिझेलच्या देयकावर बोट ठेवी, पथदिव्यांच्या दुरुस्तीचा दर विचारी, आणि ते इतिवृत्तात नोंदले जाई. हिशेबाला हजर वाचक असण्याचा अर्थ एवढाच.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले व बाराव्या अनुसूचीत अठरा विषय सोपविले. मात्र निधीचा ओघ वरूनच राहिला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी लहान शहरांच्या अनुदानातील साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांच्याशी बांधली आणि हिशेब संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे ही अनुदानाची पूर्वअट केली. म्हणजे हिशेब पूर्वीपेक्षा अधिक उघडा झाला. विरोधाभास असा की, याच काळात तो विचारणारे सभागृह रिकामे होते. मुदत संपल्यानंतर निवडणुका रखडल्या आणि या तिन्ही नगरपरिषदांचा कारभार जवळपास चार वर्षे शासननियुक्त प्रशासकांकडे राहिला. खर्चाचा प्रस्ताव मांडणारी आणि त्याला मंजुरी देणारी यंत्रणा या काळात प्रशासनाचीच होती. लेखापरीक्षण चालू राहिले, पण लेखापरीक्षक देयकाची नियमबद्धता पाहतो. त्या महिन्यात गटारापेक्षा कमान का बांधली, हे विचारणे त्याचे काम नव्हे.

डिसेंबर २०२५ मध्ये मालवण, वेंगुर्ले व सावंतवाडी येथे निवडणुका झाल्या आणि सभागृहे पुन्हा भरली. प्रशासकीय काळातील जमाखर्च, त्या काळात स्वीकारलेली दायित्वे आणि बांधील अनुदानातून उभ्या राहिलेल्या योजनांचा दरमहा येणारा देखभालखर्च आता नव्या सदस्यांपुढे आहे. योजना उभारण्यास अनुदान मिळते. तिच्या पंपाचे वीजबिल मात्र पाणीपट्टीतूनच भरावे लागते.