कमलताईंची प्रयोगशाळा आणि कॅन्सरचा प्रवास

 

गावाहून फोन येतो, "काकूंची गाठ कॅन्सरची निघाली." दोन प्रश्न लगेच मनात येतात. हे आपल्या घराण्यात आहे का? आणि पसरलं तर नाही ना? आज या दोन प्रश्नांचा इतिहास पाहू. त्यातला एक मोठा धागा आपल्या पुण्या-मुंबईचा आहे.

28 फेब्रुवारी 1941 ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेची घडी बसवली डॉ. वसंत खानोलकर यांनी. 1952 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. त्यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएच.डी. झालेल्या कमल रणदिवे मूळच्या पुण्याच्या, फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या पेशी 1951 मध्ये शरीराबाहेर सतत वाढवून दाखवणारे हेच ते गे. कमलताई तिथे राहिल्या नाहीत. परत येऊन त्यांनी मुंबईत भारतातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. पेशी काचेच्या भांड्यात वाढवायच्या आणि त्या कशा वागतात ते बघायचं. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

पेशींचं वागणं इतकं महत्त्वाचं का? कारण कॅन्सर जिवावर उठतो तो बहुतेक वेळा मूळ गाठीमुळे नाही, तर तो दुसरीकडे पोचल्यामुळे. लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्येच लिहून ठेवलं होतं की कॅन्सरची पेशी म्हणजे बी आणि अवयव म्हणजे जमीन. बी सगळीकडे पडतं, पण उगवतं ठरावीक जमिनीतच.

मग बी आपला स्वभाव बदलतं कसं? मी आयटीवाला, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. यकृताच्या आणि त्वचेच्या पेशीत डीएनए एकच, म्हणजे कोड एकच. फरक सेटिंग्जचा. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, हे डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल नावाच्या छोट्या खुणा आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनं ठरवतात. कॉनराड वॉडिंग्टन यांनी 1942 मध्ये दिलेलं एपिजेनेटिक्स हे नाव आज या सेटिंग्जच्या अभ्यासाला वापरतात.

1983 मध्ये अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगलस्टाइन यांनी दाखवलं की कॅन्सरच्या पेशींत काही जनुकांवरच्या मिथाइल खुणा कमी झालेल्या असतात. हे कामही त्याच जॉन्स हॉपकिन्समधलं. उलट काही ठिकाणी खुणा नको तिथे वाढतात. ई-कॅडेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींचा हात धरायला लावतं. काही कॅन्सरमध्ये त्याचं जनुक शाबूत असतं, पण खुणा पडून ते गप्प बसतं. हात सुटतो, पेशी निघते. नव्या जागी पोचल्यावर तेच जनुक पुन्हा चालूही होऊ शकतं आणि पेशी तिथे ठाण मांडते. कोड बिघडला असता तर असं मागे-पुढे होणं अवघड. 2017 मध्ये फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर तपासला, तेव्हा दूर पसरलेल्या गाठींत या खुणांचे मोठे फेरबदल दिसले.

आता आपल्या दोन प्रश्नांकडे. घराण्यात आहे का? थेट वारशाने आलेल्या जनुकीय दोषामुळे होणारे कॅन्सर साधारण 5 ते 10 टक्के. गाठीतल्या पेशींवर पडलेल्या खुणा मुलांकडे जात नाहीत. तरीही जवळच्या दोन-तीन नातेवाइकांना झाला असेल, तर डॉक्टरांना ते जरूर सांगा.

पसरणं थांबवता येतं का? खुणा पुसणारं ॲझासिटिडिन हे औषध अमेरिकेत 2004 मध्ये मंजूर झालं, पण ते रक्ताच्या काही आजारांसाठी. पसरलेल्या गाठींची सेटिंग्ज सरसकट पूर्ववत करणारं औषध अजून नाही. त्यामुळे "जीन्सचा स्विच बंद करणारा काढा" असा मेसेज आला, तर तो पुढे ढकलू नका.

एवढ्यासाठीच एक विनंती. आपल्याकडे "सुट्टीत गावी गेल्यावर दाखवू" म्हणायची सवय आहे. सुट्टी जुलैत आणि गाठ लागली नोव्हेंबरात, तर मधले आठ महिने पेशी आपल्या तिकिटाची वाट बघत नाहीत. इथेच दाखवा. मुहर्रकच्या किंग हमद युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये ऑन्कॉलॉजी सेंटर आहे. "सुई लावली की पसरतो" या भीतीने बायोप्सी टाळू नका. निदान लांबण्यात धोका कितीतरी मोठा.

कमलताई 2001 मध्ये गेल्या. त्यांच्या संस्थेचा वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालू आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी तिथे जवळपास फ्लॅट घेतलेत. पुढच्या वेळी त्या रस्त्याने जाल, तेव्हा मुलांना ती इमारत दाखवा आणि ही गोष्ट सांगा.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.