बॅरिस्टर आंबेडकर: सरकारी खुर्ची आणि वकिलीची सनद

माटुंगा स्टेशनला पूर्वेला उतरून दादरच्या दिशेने चालायला लागलात, की रुईया कॉलेजनंतर हिंदू कॉलनी लागते. इथेच आहे राजगृह, बाबासाहेबांचं घर. घटनाकार बाबासाहेब आपल्याला माहीत असतात. आज मला बोलायचंय बॅरिस्टर आंबेडकरांबद्दल, म्हणजे सरकारी पदं आणि खासगी वकिली अशा दोन्हीकडे वावरलेल्या माणसाबद्दल.

सुरुवात करू १९१७ पासून. शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले. हुद्दा मोठा, पण शिपाई फायली लांबूनच टाकायचे. राहायला घर मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेतलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढलं. मग १९१८ ला मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. ही सरकारी नोकरी, तरी पाण्याच्या माठावरून काही सहकाऱ्यांची कुरकुर होतीच. विचार करा, पगार आहे, पद आहे, पण माणूस म्हणून जागा नाही.

म्हणून मला १९२३ हे वर्ष फार महत्त्वाचं वाटतं. लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्यावर त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. सनदेच्या फीसाठी मित्र नवल भथेना यांनी पैसे दिले. ऑफिस होतं परळच्या दामोदर हॉलमध्ये, गिरणगावात. बडी अशिलं येत नव्हती, म्हणून जोडीला शिकवणं चालू ठेवलं. पण आता कुणाची केस घ्यायची, हे ते स्वतः ठरवू शकत होते.

आणि केसेस कुठल्या घेतल्या बघा. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून बदनामीचा खटला झालेले जेधे, जवळकर आणि बागडे यांची बाजू मांडली, आणि अपिलात जिंकले. १९३४ मध्ये लैंगिक शिक्षणावर उघड लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांसाठी उभे राहिले. ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा आरोप होता. ती केस हरले, कर्व्यांना दंड झाला. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात तर ते स्वतः प्रतिवादी होते. १९२७ ला सुरू झालेला तो दावा १९३७ मध्ये हायकोर्टात संपला, तळ्यावरचा हक्क मान्य होऊन.

जून १९३५ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. पद सरकारी, पण त्याच ऑक्टोबरात त्यांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. खुर्चीमुळे आवाज दबला नाही. पुढे १९४२ ला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं आणि १९४७ ला देशाचे पहिले कायदेमंत्री. हिंदू कोड बिल रखडलं, तसा १९५१ मध्ये राजीनामा!

मला वाटतं, सनदेची खरी किंमत इथे कळते. ज्याच्या हातात स्वतःचा व्यवसाय आहे, तो सरकारात कामही करू शकतो आणि पटलं नाही तर उठूनही येऊ शकतो. बडोद्यात ज्याला खोली मिळाली नाही, त्याने १९३० च्या दशकात हिंदू कॉलनीत स्वतःचं घर बांधलं, तेही हजारो पुस्तकं मावतील असं.

राजगृहाच्या तळमजल्यावर आता त्यांच्या वस्तू बघायला मिळतात. एखाद्या रविवारी जरूर जाऊन या. भेटू पुढच्या भागात!