कुलाब्याचा किनारा व हेरखात्यांचा चोरटा व्यापार

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशीं जंजिऱ्याचा किल्ला आहे. खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी, आणि तेथून दिवेआगर ओलांडून श्रीवर्धनकडे निघालें म्हणजे वाटेंत शेखाडी लागते. हा मुलूख 1948 पर्यंत जंजिरा संस्थानांत मोडे. पुढें तो कुलाबा जिल्ह्यांत आला व 1981 पासून त्या जिल्ह्यास रायगड म्हणूं लागले. औरंगजेबाजवळ या किनाऱ्यावर स्वतःचें आरमार नव्हतें, म्हणून त्यानें सिद्दीस द्रव्य देऊन त्याचीं गलबतें वापरलीं. ज्याच्याजवळ नावा, वाटा व माणसें तयार आहेत त्याच्याकडून काम करवून घ्यावें, ही राजकारणांतील फार जुनी रीत होय.

विसाव्या शतकांत ती हेरखात्यांनीं उचलली. सरकारी जहाजावर सरकारी निशाण असतें. खासगी कंपनीच्या मालाकडे कोणी वळून पाहत नाहीं. लाओसच्या डोंगरांत उडणारी 'एअर अमेरिका' वरकरणी व्यापारी विमान कंपनी, परंतु तिची मालकी अमेरिकेच्या सी. आय. ए.कडे होती. निकाराग्वांतील बंडखोरांस मदत पोंचविण्यासाठीं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानें ज्या कंपन्यांस पैसे दिले, त्यांपैकीं चार अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांच्या होत्या, असें तेथील सिनेटच्या एका उपसमितीनें 1989 सालीं लिहून ठेविलें आहे. अशा सोबत्याची वाट आयती मिळते; आणि काम उघडकीस आलें तर तो मुळांतच गुन्हेगार होता, असें सांगून हात झटकतां येतात.

कोकणांत ही वाट सोन्याचांदीनें पाडली. दुबईहून येणारा माल रात्रीं होड्यांतून उतरे व ट्रकांतून मुंबईस जाई. कस्टम आणि पोलीस खात्यांतील कांहींस त्याचा हिस्सा पोंचे. सुवर्णनियंत्रण कायदा 1990 सालीं रद्द झाला. वाट मात्र मोडली नाहीं.

9 जानेवारी 1993 च्या रात्रीं महंमद डोसाच्या टोळीनें दिघीस माल उतरविला. गोंडघर फाट्यावर पोलिसांनीं ट्रक अडविले. घासाघीस झाली, आणि ठरलेली रोकड जवळ नव्हती म्हणून चांदीच्या पाच विटा तारण ठेवून ट्रक सुटले. त्या रात्रीं उतरलेल्या मालांत शस्त्रें होतीं. पुढें 3 व 7 फेब्रुवारीस टायगर मेमननें शेखाडीस आर. डी. एक्स. उतरवून घेतलें, व चोरकप्पे असलेल्या मोटारींतून तें मुंबईकडे गेलें. लांच घेणाऱ्यांस हें सर्व नेहमींच्या व्यवहारासारखेंच वाटलें असेल. वर्षानुवर्षें ते मालाचें नांव न विचारतां दर तेवढा विचारीत आले होते.

याच सुमारास मेमनचीं माणसें दुबईमार्गें पाकिस्तानांत नेऊन त्यांस शस्त्रें व स्फोटकें वापरण्याचें शिक्षण देण्यांत आलें. इस्लामाबादच्या विमानतळावर त्यांच्या येण्याजाण्याची रीतसर नोंदहि झाली नाहीं. येथें मात्र थबकावें लागतें. चांदीचा चोरटा व्यापारी मोठा खरा, पण परक्या राज्याच्या विमानतळाची किल्ली त्याच्या कमरेस नसते! सर्वोच्च न्यायालयानें 21 मार्च 2013 च्या निकालांत आय. एस. आय.चें नांव स्पष्ट घेतलें. पाकिस्ताननें तो आरोप सदैव नाकारला. दाऊद इब्राहीमच्या टोळीच्या चोरवाटा अमली पदार्थांसाठींहि चालत असल्याचें अमेरिकेच्या अर्थखात्यानें 2003 सालीं जाहीर केलें.

12 मार्च 1993 रोजीं मुंबईंत दोन तासांच्या आसपास एकामागून एक स्फोट झाले व 257 माणसें मृत्युमुखीं पडलीं. खटला चौदा वर्षें चालला. त्यांत शंभर जण दोषी ठरले, आणि त्यांत नुसते टोळीवाले नव्हते. कस्टमचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांस जन्मठेप झाली. गोंडघर फाट्यावर ट्रक सोडणाऱ्या फौजदारासहि तीच शिक्षा मिळाली. दाऊद व टायगर मेमन न्यायासनापुढें उभे राहिलेच नाहींत.