किल्लारी भूकंप : मुलांचे शैक्षणिक पुनर्वसन

लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारी भूकंपानंतर, पोरक्या आणि बेघर मुलांचे शिक्षण सुरू राहावे म्हणून महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांनी उभे केलेले काम. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावे झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे जड माळवद झोपलेल्यांवरच कोसळले. मृतांची सरकारी संख्या आठ हजारांच्या आसपास आहे. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

पुण्यातील भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त गावांतील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. पुढे त्यांच्यासाठी नगर रस्त्यावर वाघोलीला शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. निर्णय धाडसाचा होता, आणि वादाला जागा ठेवणाराही. ढिगाऱ्यांच्या गावात शाळा पुन्हा कधी भरेल याचा नेम नव्हता, तेव्हा वर्ष वाया जाऊ न देण्याचा हा खात्रीचा मार्ग होता. मात्र आईवडील गमावलेल्या मुलाचे गाव, सोबती आणि उरलेले नातलगही त्यामुळे लांब पडणार होते. मुलांची संख्या पाहिली, तर केवळ राहण्याजेवण्याची सोय लावणे हेसुद्धा लहानसहान काम नव्हते.

दुसरी वाट भूकंपाच्या पट्ट्यातच राहण्याची. राष्ट्र सेवा दलाने ज्येष्ठ समाजवादी नेते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ हा प्रकल्प सुरू केला. इथे मुले मराठवाड्यातच वाढली. ज्ञान प्रबोधिनी ही शैक्षणिक संस्थाही मदतकार्यासाठी आली आणि लोहारा तालुक्यातल्या हराळीत कायमची राहिली. तिथे निवासी शाळा सुरू झाली आणि तिच्या जोडीला शेतीचे काम वाढत गेले. मदतीचे ट्रक परतल्यावरही गावात टिकून राहणाऱ्या संस्था मोजक्याच असतात; हराळीचे महत्त्व त्यात आहे.

या प्रत्यक्ष कामांशिवाय मुंबईचा वाटा अभ्यासाच्या बाजूने आला : देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पुनर्वसनासाठी बाधित गावांची पाहणी केली.

किल्लारीचा अनुभव पुढे उपयोगी पडला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने गुजरातेत ३६८ शाळा अवघ्या काही महिन्यांत बांधून दिल्या. या वेळी मुले हलवली नाहीत, शाळाच त्यांच्यापर्यंत नेली. शाळेच्या इमारती पडल्या असल्या तरी बहुतेक मुलांची घरची माणसे हयात असतात, तिथे हाच मार्ग अधिक रास्त म्हणावा लागेल. वाघोलीसारखे वसतिगृह ज्यांना परतायला घरच उरले नाही, त्यांच्यासाठी. वाघोलीत पुढच्या काळात मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही दाखल झाली.

आपत्तीत अन्न, पाणी आणि निवाऱ्याइतकेच शिक्षणही तातडीचे मानावे, यासाठीची आंतरराष्ट्रीय किमान मानके २००४ साली प्रथम प्रसिद्ध झाली. वाघोली, नळदुर्ग आणि हराळी येथील कामे त्याआधीच्या दशकातली आहेत.