काटा निघालाच नाही : करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय १२, ओव्या ७ ते १०

करिंथच्या मंडळीत आपली थोरवी मिरवणारे उपदेशक शिरले होते. त्यांना उत्तर देताना पौलालाही नाइलाजाने स्वतःविषयी बोलावे लागते. आधी दर्शनांचे सांगून होते, मग या चार ओव्या येतात.

ओवी ७. दर्शनांनी चढून जाऊ नये म्हणून शरीरात काटा दिला गेला, असे तो म्हणतो. काटा कसला? नेत्रविकार, हिवताप, अपस्मार, विरोधकांचा छळ. भाष्यकारांनी सगळे सुचवून पाहिले. पौलाने नाव घेतलेले नाही, तेव्हा निदानात पाने खर्ची घालू नयेत. नवल वेगळेच आहे. काटा दिलेला आहे आणि तोच सैतानाचा दूतही आहे! पौल दोन्ही विधाने शेजारी ठेवतो, मेळ घालत बसत नाही.

ओवी ८. तीनदा विनवणी. दुखणे गोड मानून घेण्याचा आव इथे नाही. विश्वासणाऱ्याने कुरकुर करू नये असे सांगणाऱ्यांनी ही ओवी आधी वाचावी.

ओवी ९. उत्तर मिळते, पण मागितलेले नव्हे. काटा राहतो आणि कृपा पुरेशी आहे एवढेच कळते. इथे पुष्कळ प्रवचनकार घसरतात. संकटाने माणूस कणखर होतो, असा अर्थ काढतात. पौल कणखर झालेला नाही. सामर्थ्य ख्रिस्ताचे आहे आणि ते अशक्त माणसावर येऊन राहते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण इथे चपखल बसते. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील, बहीण गेली. उपासतापास, व्रते, पारायणे सगळे करून झाले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की धर्म हाती आला होता, ख्रिस्त नव्हे. आणि हे उमगायला आठेक वर्षे लागली. म्हणजे बाप्तिस्मासुद्धा पुण्याच्या जमाखर्चातली आणखी एक नोंद होऊन बसू शकतो. स्वतःच्या धर्मांतरावर इतका परखड शेरा क्वचितच कोणी मारला असेल.

ओवी १०. अशक्तपणा, अपमान, अडचणी, छळ, संकटे अशी यादी. शेवट नवव्या ओवीचीच पुनरुक्ती. मात्र हे सारे ख्रिस्ताकरता सोसलेले आहे, ही अट सुटू नये. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ही ओवी ऐकवून घरी परत पाठवणे हा पौलाच्या शब्दांचा उघड गैरवापर आहे. पौल स्वतःही टाळता येणारा छळ सोसत बसला नव्हता: दमास्कसमध्ये आपल्याला धरायला माणसे टपली होती, तेव्हा टोपलीत बसून तटाखाली उतरलो आणि निसटलो, हे त्याने मागच्याच अध्यायाच्या शेवटी नोंदवले आहे.